बर्गे मास्तरांचा थम

"थम!"

चाळीस बुटांचा एक आवाज झाला आणि त्याच्या मागोमाग दुसरा एक, लहानसा, उशिरा आलेला. हवालदार सावंतांनी डोळे मिटून घेतले. चार दिवस झाले, हा मागाहून येणारा आवाज त्यांच्या डोक्यात गेला होता, आणि त्यापायी अख्खा प्लाटून रोज ग्राउंडला चकरा मारत होता. त्या दिवशी मात्र त्यांनी चकरा मारायला लावल्या नाहीत. थोड्याथोड्या पोरांना वेगळं काढून चालवलं, थांबवलं, ऐकलं आणि बाजूला केलं. शेवटी खडकसरी गावचे आम्ही सहाजण तेवढे उरलो.

आम्हांलाही चालवलं. थम म्हणाले. आमचे सहा पाय अगदी एकदम पडले, फक्त बाकीच्या जगाच्या अर्धा ठोका मागे.

थांबताना शेवटचा उजवा पाय गुडघ्यात वाकवून वर घ्यायचा आणि डाव्याशेजारी सरळ खाली आपटायचा, हा लष्करातला थम. आम्ही गुडघा वाकवत नव्हतो. ताठ पाय बाहेरून अर्धगोल फिरवून आणत होतो आणि मग टेकवत होतो. आमच्या मते थम तो हाच. बाकीची पोरं घाईघाईनं पाय आपटून मोकळी होतात, रुबाब काय तो आपल्याच गावाचा, असं आम्ही बराकीत एकमेकांना सांगत असू.

सावंतांना वाटलं, आम्ही त्यांची चेष्टा चालवली आहे. लंगडी घालायची असेल तर अंगणात जाऊन घाला, असं काहीतरी ते बोलले. माझं डोकं लहानपणापासून जरा गरमच. मी तिथल्या तिथं बोलून गेलो, "उस्ताद, आम्हांला शाळेत असंच शिकवलंय."

न विचारता तोंड उघडल्याबद्दल रायफल डोक्यावर धरून ग्राउंडची चक्कर मिळाली. ती पुरी करून मी धापा टाकत जागेवर आलो, तेव्हा सावंत अजून तिथंच उभे होते.

"सहाच्या सहाजण एकाच वेळी, एकाच तऱ्हेनं चुकता," ते म्हणाले. "म्हणजे ही चूक नाही, ही शिकवणी आहे. कोणाची?"

"बर्गे मास्तरांची," माझ्या शेजारचा दौलत कणसे म्हणाला. "आर्मीतलेच हायत, उस्ताद. हवालदार हुते."

"त्यांच्या उजव्या पायाला काय झालंय?"

आम्ही सहाजण एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

हे ऐकून आता कुणालाही हसू येईल. मलाही येतं. पण त्या दिवशी मला ग्राउंडनं पोटात घ्यावं असं वाटलं. बर्गे मास्तर लंगडतात हे गावातल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं. पासष्टच्या लढाईत त्यांच्या उजव्या गुडघ्यात गोळी बसली होती. गुडघा वाचला, पण कायमचा ताठ झाला. लष्करातून घरी आले आणि आमच्या हायस्कूलला ड्रिलचे मास्तर म्हणून लागले. मी तेव्हा पाचवीत होतो. पुढची सहा वर्षं रोज सकाळी, प्रार्थनेच्या आधी, त्यांनी आम्हांला मैदानावर पिळून काढलं. मास्तरांची चाल लंगडी आहे हे आम्हांला दिसत होतं आणि आम्ही ती उचलली नव्हती. पण थम हा आमच्या लेखी वेगळाच विषय होता. थम म्हणजे मास्तर करतात तो. ते "गुडघा वर, गुडघा वर" म्हणून घसा फोडून ओरडत, ते आम्हांला वाटे चालण्याबद्दल. आणि थांबायची वेळ आली की आम्ही सगळे त्यांच्या पायाकडे बघायचो.

सावंतांनी हे सगळं माझ्याकडून काढून घेतलं. ते हसले नाहीत. ट्रेनिंग संपताना शपथ घेतात त्या कसम परेडपर्यंत पाय सुधारा, ज्याचा सुधारणार नाही तो पुढच्या बॅचला, एवढंच सांगून ते निघून गेले. दीड महिना उरला होता.

आता, सहा वर्षं रोज घोटून घेतलेली गोष्ट पायातून काढायची म्हणजे काय असतं, हे ज्यानं काढली त्यालाच कळेल. मी पुढं स्वतः ड्रिलचा उस्ताद झालो, सुभेदार मेजर होऊन अठ्ठावीस वर्षांनी घरी आलो, मधल्या काळात कितीतरी पोरांचे गुडघे वर करायला लावले. पण माझ्या स्वतःच्या उजव्या पायाएवढा आडमुठा रिक्रूट मला दुसरा भेटला नाही. दुपारच्या सुट्टीत पोरं सावलीला पडायची आणि आम्ही सहाजण स्वयंपाकाच्या लंगरामागच्या फरशीवर. एकानं कमरेएवढ्या उंचीवर तळहात धरायचा, दुसऱ्यानं चालत येऊन थांबायचं. गुडघा तळहाताला लागला पाहिजे. नाही लागला तर परत. मांडी भरून यायची, तळपायाला भेगा पडल्या. मी ठरवूनच टाकलं होतं की पाय मोडला तरी चालेल, पण मी मागं राहणार नाही.

आठवड्याभरात माझा पाय सुधारला. हळूहळू बाकीच्यांचेही सुधारले. दौलतचा मात्र सुधारेना. एकटा असला की गुडघा वर यायचा, प्लाटूनमध्ये उभा केला की पाय पुन्हा बाहेरून फिरून यायचा. शाळेत आमच्यात सगळ्यांत चांगलं ड्रिल त्याचंच होतं, म्हणून मास्तर त्याला पहिल्या रांगेत उभं करायचे. जितकं चांगलं शिकला होता तितकं निघायला अवघड गेलं.

कसम परेडला आम्ही पाचजण होतो. दौलत पाहुण्यांच्या खुर्च्या मांडत होता. परेड झाल्यावर तो मला भेटायला आला, माझ्या खांद्यावरची धूळ झटकली आणि म्हणाला, "गावात गेलास की मास्तरांना जरा सांग." मग दोन पावलं गेला, परत आला आणि म्हणाला, "न्हाई, नको. कायबी सांगू नगंस."

रजेवर निघालो तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आमच्या गावात घरटी एक माणूस लष्करात. दर पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर आमची परेड व्हायची तेव्हा निवृत्त झालेले सगळे नायक, हवालदार, सुभेदार छातीवर पदकं लावून कुंपणाच्या भिंतीला ओळीनं उभे राहायचे. माझे वडीलही त्यात असायचे. या सगळ्यांनी आयुष्य परेडवर काढलेलं. आम्ही पाय फिरवून थांबायचो आणि हे सगळे आम्हांला कडक सलाम करायचे. एकानंही कधी सांगितलं नाही की पोरांनो, हे चुकतंय.

दुपारी घरी पोचलो. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाणी दिलं. वडील ओसरीवर बसले होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. तेही याच ट्रेनिंग सेंटरमधून गेलेले, नायक म्हणून निवृत्त. मी बूट काढायच्या आधीच विषय काढला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नवीन काही ऐकल्यासारखं त्यांचं तोंड झालं नाही.

"आमाला ठावं हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. मास्तर शाळेत लागले त्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टलाच सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. परेड सुटल्यावर म्हातारे मारुतीच्या पारावर जमले. कुणी म्हणालं, सांगावं. कुणी म्हणालं, कसं सांगावं? ज्या माणसाचा पाय देशासाठी गेला त्याला जाऊन म्हणायचं का की तुमचा पाय पोरं उचलायला लागली? शेवटी ठरलं की कुणी काही बोलायचं नाही. सेंटरवर जे काही असेल ते उस्ताद बघून घेतील.

"आणि उद्या सकाळी?" मी विचारलं.

आमच्याकडे एक रीत होती. सेंटरवरून कसम खाऊन आलेल्या पोरानं दुसऱ्या दिवशी सकाळी वर्दीत शाळेत जायचं. मास्तर त्याला सगळ्या शाळेसमोर झेंड्याच्या खांबापर्यंत चालवायचे आणि थांबवायचे. लहानपणी मी तेवढं बघायला उपाशीपोटी पळत जायचो. ते सगळे मोठे सैनिक खांबापाशी आमच्यासारखाच पाय फिरवून थांबायचे, त्यामुळे तर आमची खात्री पटलेली की हेच खरं.

"उद्या तूबी तसंच थांबायचं," आण्णा म्हणाले. "आजवर समदी थांबली."

मला संताप आला. दौलत खुर्च्या मांडताना डोळ्यांसमोर दिसत होता. मी म्हणालो, "आण्णा, दौलत मागं राहिला. उद्या शाळेतली ही सगळी पोरं तशीच मागं राहतील. आपण मास्तरांचं मन राखायचं आणि किंमत पोरांनी द्यायची?"

"सहा महिने मागं राहिल्यानं कोण मरत न्हाई," ते म्हणाले. "त्या माणसाकडं आता ह्या शाळंबिगर काय हाय, सांग मला. बायको न्हाई, पोर न्हाई. ते ड्रिल तेवढं हाय. ते काढून घेतलंस तर त्यो काय करंल?"

आण्णांना मी हो म्हणालो. पण मनातून ठरवलं की थांबायचं ते खरा थम करूनच थांबायचं. मास्तरांना वाईट वाटलं तर वाटू दे, पाय धरून माफी मागीन. पण मागची पोरं तरी सुटतील.

सकाळी वर्दी चढवून मैदानावर गेलो. मुलं तीन रांगांत उभी होती. भिंतीला आण्णा आणि त्यांचे सगळे सोबती. मास्तर खांबाशेजारी उभे. पांढरा सदरा, खाकी पँट, गळ्यात शिट्टी. मला बघून त्यांचं तोंड उजळलं. मी सावधान होऊन सलाम केला. त्यांनी माझ्या टोपीपासून बुटांपर्यंत बघितलं, पट्ट्याचं बक्कल अंगठ्यानं पुसलं, आणि मुलांकडे वळून म्हणाले, "ह्याच्याकडं बघा. नीट बघा."

पुढं नोकरीत बरंच काही वाट्याला आलं. बर्फात उभं राहिलो, दोनदा गोळीबारात सापडलो, एका हल्ल्यात शेजारचा माणूस गेला. पण पाय उचलायला इतका जड मला कधीच गेला नाही. खांब जवळ येत होता. मास्तर मोठ्यानं "थम" म्हणाले. त्यांचं ते उजळलेलं तोंड समोर होतं, आणि कालपासून ठरवलेलं सगळं सोडून मी ताठ पाय बाहेरून फिरवला आणि टेकवला.

भिंतीकडून कुणीतरी श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं.

मास्तर "परत," एवढंच म्हणाले. मी मागं जाऊन पुन्हा चालत आलो, पुन्हा तसाच थांबलो. मला माझाच राग आला होता. "परत," मास्तर पुन्हा म्हणाले. या वेळी ते माझ्या अगदी समोर येऊन उभे राहिले आणि त्यांची नजर माझ्या पायावर होती. मी पुन्हा थांबलो.

ते जवळ आले. हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "तिन्ही वेळेला गुडघा वर निघाला हुता तुझा. आधी वर निघाला, मग तू त्यो दाबलास. का दाबलास?"

मी नजर समोर ठेवली.

"उस्ताद कोण हुता सेंटरवर?"

"हवालदार सावंत."

"त्यानं तुला ह्या थमवर पास केलं?"

"नाही, मास्तर."

"म्हंजे खरा थम येतो तुला."

"येतो."

"मग मला खोटा का दाखवतोस, हिंदुराव?"

मी भिंतीकडे बघितलं. त्यांनी माझ्या नजरेची दिशा धरली, तिकडे वळले, आणि म्हाताऱ्यांच्या त्या अख्ख्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिले. आण्णांनी मान खाली घातली. बाकीच्यांनीही घातली. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, तुमच्या जिवाला लागंल म्हनून..."

"गुडघा माझा हाय," मास्तर म्हणाले. आता त्यांचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू जात होता. "त्यो वाकत न्हाई हे मला ठावं नसंल, असं वाटलं तुमाला? पयल्या दिवसापासनं पोरांना वरडून सांगतोय, गुडघा वर, गुडघा वर. पोरं ऐकत न्हाईत. पोरं बघत्यात. त्यांना बघायला एक चांगला पाय पायजे हुता. म्हनून तर सेंटरवरनं आलेल्याला हितं चालवायची रीत पाडली मी. आन जो येतो त्यो माझाच पाय मला दाखवून जातो."

ते भिंतीकडे दोन पावलं गेले.

"मला वाटायचं, मी पोरं कायमची नासवली. माझं शिकवणं असं घट्ट बसलंय की सेंटरवरबी निघत न्हाई. सहा वर्सं ह्या विचारानं मला जेवण ग्वाड लागलं न्हाई. आन तुमी भिताडाला उभं राहून माझ्यावर दया करत हुता."

मला रडू आलं. वर्दीत रडायचं नसतं, म्हणून मी समोर खांबाकडे बघत राहिलो. मास्तर माझ्याकडे वळले आणि दौलत कुठं आहे ते विचारलं. मी सांगितलं. ते ऐकून त्यांनी एकदा खांबाला हात टेकला. मग हात काढून घेतला आणि सरळ झाले.

"दाखव," म्हणाले.

मी मैदानाच्या टोकाला गेलो. तिथून निघालो. मास्तर थम म्हणाले आणि मी गुडघा कमरेपर्यंत वर घेऊन असा आपटला की टाचेपासून डोक्यापर्यंत झिणझिण्या गेल्या.

"परत," मास्तर म्हणाले. पण या परतची तऱ्हा वेगळी होती. त्यांनी मला किती वेळा चालवलं ते मी मोजलं नाही. समोरून दाखवायला लावलं, बाजूनं दाखवायला लावलं, एकेका रांगेपुढे नेऊन हळू दाखवायला लावलं. त्यांनी मुलांना सांगून टाकलं की आजपासून थम म्हटलं की त्यांच्याकडे बघायचं नाही, माझ्याकडे बघायचं, आणि ते स्वतः जो पाय टेकवतात तो थम नव्हे, ती त्यांची जखम आहे. मुलं गोंधळून एकमेकांकडे बघायला लागली. मास्तरांनी शिट्टी मारली.

माझी एक महिन्याची रजा होती. ती सगळी मी मैदानावर घालवली. आईनं बरीच कुरकुर केली, की आर्मीतून आलेलं पोर घरात दिसत कसं नाही. चौथ्या दिवशी आण्णा भिंत सोडून आत आले आणि दुसऱ्या रांगेपुढे उभे राहिले. म्हातारा गुडघा जेवढा वर येईल तेवढा उचलून ते पोरांना दाखवायला लागले. मग आणखी दोघे आले. मास्तर त्यांच्यावरही ओरडायचे, रिक्रूटांवर ओरडावं तसे, आणि ते ऐकून घ्यायचे.

रजा संपायच्या आदल्या सकाळी मास्तरांनी सगळ्या शाळेची एक परेड लावली. मला वाटलं होतं, ते नेहमीप्रमाणे खांबाशी उभे राहून हुकूम देतील. पण त्यांनी शिट्टी माझ्या हातात दिली.

"हुकूम तू द्यायचा," म्हणाले, आणि स्वतः जाऊन शेवटच्या रांगेत, सगळ्यांत लहान मुलांच्या शेजारी उभे राहिले.

त्यांनी सावधान घेतलं होतं, नजर समोर होती. मी "तेज चल" म्हणालो. दीडशे मुलं निघाली आणि त्यांच्याबरोबर मास्तर निघाले, उजवा पाय ओढत, पण हात खांद्यापर्यंत नेत. मैदान अर्धं झालं, खांब आला. मी पोटापासून ओरडलो, "थम!"

सगळ्या मैदानाचा एक आवाज झाला. एकच. आणि त्याच्यानंतर, अर्ध्या ठोक्यानं, शेवटच्या रांगेतून आणखी एक पाय पडला, एकटाच.

रांगेतली लहान मुलं वळून बघायला लागली.

"म्होरं बघा," मास्तर म्हणाले. "त्यो माझा हाय. त्यो शिकायचा न्हाई."